नित्यकर्म

मध्य मुंबईतील एका जुन्या चर्चच्या आवाराला लागून पत्र्याची एक शेड आहे. तिच्या मागच्या बाजूला शहाबादी फरशीची मोरी आहे आणि त्या मोरीत रोज सकाळी सात वाजता तीन बादल्या ओळीने मांडलेल्या असतात. पहिलीत कढत पाणी, दुसरीत गार आणि तिसरीत दोन्हींचे विसण घातलेले. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बायका पाहतात तसे सिस्टर आधी कोपर बुडवून तिसऱ्या बादलीतले पाणी पाहतात आणि मगच रांगेतल्या पहिल्या मुलाला पुढे घेतात. "डोळे घट्ट मीट हं, आता डोक्यावरून घेते," असे म्हटल्यावाचून त्या तांब्या कधी उपडा करीत नाहीत. रोज वीस-बावीस मुले असतात, म्हणजे हे वाक्य रोज वीस-बावीस वेळा उच्चारले जाते. मी गेली चार वर्षे दर शनिवारी ते ऐकते आहे आणि एकदाही ते घाईने, नुसते तोंडातल्या तोंडात म्हटलेले मी ऐकलेले नाही.

सिस्टर मूळच्या वसईकडच्या. चर्चमधली पहाटे सहाची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, आटोपून त्या थेट मोरीवर येतात, झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारतात आणि वर एक प्लास्टिकचे एप्रन बांधतात. मुले जवळच्या उड्डाणपुलाखालून आणि स्थानकाबाहेरच्या पदपथावरून येतात. त्यांतील बहुतेकांना आईबाप आहेत. मराठवाड्यातून किंवा सोलापूरकडून कधीतरी दुष्काळात उठून आलेली ही माणसे फुलबाजारात पहाटे गजरे ओवतात, कचरा वेचतात, नाक्यावर उभी राहून मिळेल ते काम घेतात. पदपथावरच्या माणसाला पाणी फुकट मिळते असे आपल्याला वाटते; ते खरे नाही. पिण्याचे पाणी हंड्याच्या हिशेबाने विकत घ्यावे लागते, शौचालयाचे पैसे माणशी मोजावे लागतात, आणि अंघोळ ही त्या हिशेबात सर्वांत आधी काटली जाणारी गोष्ट असते. मोठ्यांची काटली जाते तशी मुलांचीही. मग डोक्यात उवा होतात, कानामागे खरूज होते, आणि शाळेत बाकावर शेजारी कोणी बसत नाही म्हणून चार दिवसांत शाळाही सुटते. एका अंघोळीच्या अभावापासून निरक्षरतेपर्यंतचा हा रस्ता इतका जवळचा आहे, हे मला बँकेत छत्तीस वर्षे नोकरी करूनही ठाऊक नव्हते.

पहिल्या शनिवारी सिस्टरांनी माझ्याकडे सहा-सात वर्षांची एक मुलगी दिली. तिचे नाव मी इथे लिहिणार नाही. निळा, पाठीवर बटण तुटलेला फ्रॉक तिच्या अंगात होता आणि केसांच्या जटा झाल्या होत्या. मी तिला दंडाला धरून फरशीवर उभे केले, एका हाताने पाणी ओतू लागले. फरशी साबणाने निसरडी झाली होती. दोन तांबे झाले असतील, ती मान वर करून म्हणाली, "काकू, नीट धरा ना. मी पडंन."

मी पाहिले. मी तिला फक्त अंगठा आणि दोन बोटांच्या टोकांनी धरले होते. नासलेले फळ उचलताना आपण जितका हात लावतो तितकाच.

त्या दिवशी घरी आल्यावर मला आजीची आठवण झाली. आमचे घर वारकरी. आजोबांची वारी कधी चुकली नाही. आजीचे सोवळे मात्र कडक होते. तिची पूजा होईपर्यंत आम्हा नातवंडांनाही तिला शिवण्याची मुभा नव्हती. आणि हीच आजी संध्याकाळी अंगणात बसून नाथांची गोष्ट सांगत असे: पैठणला भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात आईची चुकामूक झालेले महाराचे पोर टाहो फोडत होते, एकनाथ महाराज स्नान करून परत निघाले होते, त्यांनी ते लेकरू उचलून कडेवर घेतले, त्याचे नाक पुसले, लाळ पुसली आणि त्याला त्याच्या आईकडे पोचते केले. नाक पुसण्याच्या जागी आली की आजीचा आवाज घोगरा होई. ही गोष्ट सोळाव्या शतकातली असल्याचे सांगतात आणि तिचे प्रमाण मागत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. मला एवढेच दिसते की सांगणाऱ्यांनी शतकानुशतके त्या गोष्टीतून ते वाहणारे नाक गाळले नाही. उचलले, पोचवले, एवढ्यावर गोष्ट भागली असती. पण लेकराच्या नाकाला हात लागल्यावाचून ती पुरी होत नाही, हे आजीसारख्या सोवळ्यात जन्म घालवलेल्या बाईलाही आतून कळत होते. तिच्या डोळ्यांतले पाणी खरे होते. तिचे सोवळेही खरे होते. त्या दोहोंमधले अंतर कापण्याची संधी तिला कोणी दिली नाही. मला मोरीवरच्या त्या मुलीने दिली.

आपल्याकडे शास्त्राने कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत: नित्य, नैमित्तिक आणि काम्य. रोज करायचे ते नित्य, काही प्रसंगाने करायचे ते नैमित्तिक आणि मनात फळाची इच्छा धरून करायचे ते काम्य. नित्यकर्माचे एक वैशिष्ट्य आजोबा सांगत: ते केल्याने पुण्य लागत नाही, न केल्याने मात्र दोष लागतो. स्नान आणि संध्या ही त्यातली. गरीब मुलांसाठी श्रद्धेने जे काही केले जाते त्याकडे मी आता या तीन शब्दांतून पाहू लागले आहे, आणि मला स्पष्ट दिसते की आपल्या समाजात या मुलांच्या वाट्याला नैमित्तिक आणि काम्य पुष्कळ येते. नित्य फार थोडे येते.

पितृपंधरवड्यात या शेडमध्ये जेवणे उतू जातात. एकाच दिवशी तीन घरांची पाने येतात, खीर येते, वडे येतात, मुले पोट फुगेपर्यंत खातात आणि रात्री दोघे-तिघे ओकतात. वाढदिवसाला केक येतो. ज्याचा वाढदिवस तो मुलगा बुजून आईमागे उभा राहतो आणि आमची मुले त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात. जून महिन्यात दप्तरे येतात, इतकी की एकेका मुलाकडे दोन-दोन होतात आणि पावसात ठेवायला जागा नसल्याने महिनाभरात ती सगळीच कुजतात. देणाऱ्यांच्या भावनेवर मला यत्किंचितही शंका घ्यायची नाही. आईच्या श्राद्धाला भुकेल्या पोराला जेवू घालावे असे ज्याला वाटते त्याचे मन चांगलेच आहे. पण पंचांग देणाऱ्याचे असते आणि भूक मुलाची असते. मार्गशीर्षातल्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या मंगळवारी, कोणाचीही तिथी नसताना, ताप आलेल्या मुलाला पेज कोण देणार, हा प्रश्न पंचांगात कुठेही येत नाही.

माहीमच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी लहानपणापासून एक दृश्य पाहत आले आहे. तिथल्या साध्या हॉटेलांपुढे माणसे ओळीने उकिडवी बसलेली असतात, त्यांत बायका असतात, मुले असतात. वाटेने जाणारा एखादा माणूस गल्ल्यावर पैसे ठेवतो, दहा जणांना म्हणतो, पंधरा जणांना म्हणतो, आणि तितकी माणसे ओळीतून उठून जेवायला जातात. देणारा बहुधा थांबतही नाही. त्याचे नाव कोणी विचारीत नाही, आणि जेवणाऱ्याचा धर्म कोणी विचारीत नाही. रमजानमध्ये देणाऱ्यांची गर्दी वाढते, पण ती ओळ बाराही महिने असते. त्या उकिडव्या बसण्यात मानहानी आहे, हे मला नाकारता येत नाही. एवढे मात्र खरे की दान रोजचे झाले की त्यातला देणारा हळूहळू पुसला जातो.

महाराष्ट्रात हे काम नित्यकर्म म्हणून उभे करणाऱ्यांत महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव मी सर्वांत आधी घेईन. जमखंडीला १८७३ मध्ये एका वारकरी वळणाच्या घरात ते जन्मले. १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी तौलनिक धर्माचा अभ्यास केला आणि परत येऊन ते मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. एवढा शिकलेला, उत्तम बोलणारा माणूस गिरगावात उपासना चालवीत आणि व्याख्याने देत सुखाने राहिला असता. पण १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, न्यायमूर्ती नारायण चंदावरकरांना अध्यक्ष करून, त्यांनी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली आणि परळला एल्फिन्स्टन रोडजवळच्या एका बंगल्यात अस्पृश्य मुलांसाठी मंडळीची पहिली शाळा उघडली. ते एल्फिन्स्टन रोड स्थानक २०१८ पासून प्रभादेवी म्हणून ओळखले जाते. माझी रोजची गाडी कित्येक वर्षे तिथेच थांबत होती आणि मला यातले काही माहीत नव्हते.

त्या काळचे परळ म्हणजे गिरण्यांच्या भोंग्यांवर जागणारे आणि झोपणारे गाव. कोकण-घाटावरून आलेली माणसे एका खोलीत दहा-दहा जण राहत, आणि त्यांतही ज्यांना बाकीचे शिवून घेत नसत त्यांच्या वस्त्या आणखी कडेला, गटाराजवळ. या मुलांसाठी शाळा काढणे म्हणजे पाटी-पेन्सिल वाटणे नव्हते. शिंद्यांनी परळला केवळ शाळा काढली नाही, त्यांनी घरदार या कामाला जुंपले. त्यांची बहीण जनाबाई, जिला लोक जनाक्का म्हणत, वस्तीतल्या घरांतून फिरे, आजाऱ्यांची चौकशी करी, मुलांना शाळेत आणी. मला या सगळ्या कहाणीत जनाक्का फार मोठी वाटते. सभांचे अध्यक्ष, देणगीदार, ठराव यांची नोंद राहते. कोणाच्या दारात उभे राहून "आज पोराला का नाही पाठवले?" असे रोज विचारणाऱ्या बाईची नोंद जेमतेम एखाद्या ओळीची असते, आणि शाळा टिकते ती त्या विचारण्यावर. पुढे मंडळीच्या शाळा आणि वसतिगृहे अन्य गावांतही निघाली, पुण्याला नाना पेठेत अहिल्याश्रम उभा राहिला. शिंद्यांची श्रद्धा एकेश्वरी होती, ती त्यांनी कधी लपवली नाही. या कामाला ते समाजसुधारणा म्हणत तितकेच धर्मसाधनाही मानीत, आणि म्हणूनच, माझ्या समजुतीप्रमाणे, त्यांना बिऱ्हाड घेऊन वस्तीशेजारी जाता आले. सुधारणा दुरूनही करता येते. साधनेला रोज बसावे लागते.

याच सुमारास, किंबहुना थोडे आधी, विदर्भात जन्मलेल्या परीट जातीच्या एका माणसाने हातात खराटा घेतला. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत पहिली गोष्ट देव नाही, भुकेलेल्यांना अन्न आहे. मग तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, गरीब मुलामुलींना शिक्षण. हाच आजचा रोकडा धर्म, असे ते म्हणत. रोकडा हा शब्द मला फार आवडतो. उधारीवर नाही, पुढच्या जन्माच्या हवाल्यावर नाही. परळच्या टाटा रुग्णालयात गावोगावहून कर्करोग झालेली मुले येतात, त्यांचे आईबाप पदपथावर चूल मांडतात, आणि त्यांच्यापैकी काहींना तरी डोक्यावर छप्पर मिळते ते दादरला याच बाबांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत. केसहीन झालेले एक पोर तिथल्या जिन्यात बसून बापाच्या हातून भात खाताना मी पाहिले आहे. बाबा १९५६ मध्ये गेले. तो भात अजून रोज शिजतो.

आणि कलकत्ता. डिसेंबर १९४८ मध्ये मदर तेरेसा मोतीझीलच्या झोपडपट्टीत गेल्या तेव्हा त्यांच्याकडे शाळेची इमारत नव्हती, फळा नव्हता. त्यांनी काडीने मातीत बंगाली अक्षरे गिरवायला सुरुवात केली. त्या दिवसांविषयी जे सांगितले जाते त्यात मला नेहमी एकच तपशील धरून ठेवतो: अस्वच्छ आलेल्या मुलांना त्यांनी तळ्यावर नेऊन अंघोळ घातली, आणि पुढे मुलांना बक्षीस म्हणून साबणाच्या वड्या दिल्या. त्यांच्या कामाविषयी पुढे बरेच वाद झाले. रुग्णसेवेचा दर्जा, देणग्यांचा हिशेब, गर्भपातावरची त्यांची मते, या साऱ्यांवर टीका झाली आणि तिच्यातील काही विचार करण्याजोगी आहे. पण तळ्याकाठी एका परक्या पोराच्या पाठीला साबण लावणारी ती अडतीस वर्षांची बाई मला त्या वादापलीकडे दिसत राहते.

धर्मांतराचा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, नातेवाइकांनी तर सर्वांत आधी. तो टाळणे मला प्रामाणिक वाटत नाही. उपाशी मुलाला जेवण देताना त्याच्या मनावर काही लादले तर ते दान राहत नाही, व्यवहार होतो, मग लादणारा कोणत्याही देवाचे नाव घेणारा असो. आणि इतिहासात असे व्यवहार झालेले आहेत. मी सिस्टरांना पहिल्याच महिन्यात सरळ विचारले होते. त्यांना राग आला नाही. त्या म्हणाल्या, "मुलं जेवायच्या आधी हात जोडतात ते तुम्ही बघितलंत ना? त्यांना सांगितलंय, ज्याला जे येतं ते म्हणा." मी नंतरच्या शनिवारी लक्ष देऊन ऐकले. दोघे जण 'वदनी कवळ घेता' म्हणत होते, शाळेत शिकलेले. एक मुलगा ओठ हलवीत बिस्मिल्ला म्हणत होता. निळ्या फ्रॉकवाली काहीच म्हणत नव्हती, तिचे लक्ष आमटीकडे होते. सिस्टर स्वतः डोळे मिटून उभ्या होत्या आणि त्यांची प्रार्थना आम्हा कोणालाच ऐकू आली नाही.

माझी एक तक्रार मात्र आहे, आणि ती सिस्टरांचीही आहे. श्रद्धेने चालणाऱ्या अनेक ठिकाणी आईबाप जिवंत असलेल्या मुलांना सर्रास अनाथ म्हटले जाते, कारण अनाथ शब्दाने देणाऱ्याचे हृदय लवकर द्रवते. मग ज्या आईला थोडी खोली, थोडे काम मिळाले असते तर पोर तिच्याजवळच वाढले असते, तिचे पोर संस्थेत जाते आणि आई महिन्यातून एकदा भेटायला येते. गरिबी हे मुलाला आईपासून तोडण्याचे कारण होऊ शकत नाही. म्हणून इथे शेडमध्ये मुलांना रात्री ठेवून घेत नाहीत. ती नऊ वाजता शाळेत जातात, संध्याकाळी अभ्यासाला परत येतात आणि झोपायला आईकडे जातात, मग ती आई पुलाखाली का असेना. ज्या मुलाला खरोखर कोणी नाही किंवा घरातच धोका आहे, त्याच्यासाठी १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक आहे, बालकल्याण समिती आहे, आणि सिस्टर त्या मार्गाने जातात. नुसत्या करुणेच्या भरात मूल उचलून नेत नाहीत.

कायद्याचीही त्यांना चांगली जाण आहे. दोन वर्षांपूर्वी एका शाळेत जन्माचा दाखला नाही म्हणून निळ्या फ्रॉकवालीला प्रवेश नाकारला गेला. पदपथावर जन्मलेल्या मुलीचा दाखला कुठून येणार? सिस्टर मला बरोबर घेऊन गेल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे वयाचा पुरावा नाही या कारणासाठी कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे त्यांनी टेबलापुढे उभे राहून, अत्यंत नम्रपणे, तीन वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा सांगितले. पहिल्या दोन दिवशी आम्हाला उद्या या म्हणाले. दोन्ही वेळा परतीच्या वाटेवर माझा संताप अनावर झाला होता आणि सिस्टर मला म्हणाल्या, "उद्या येऊ ना. आपल्याला काय, रोज यायचंच आहे." तिसऱ्या दिवशी नाव दाखल झाले. मुलीने घरी जाताना हातातला प्रवेशाचा कागद दोनदा वाचला. तिला तेव्हा वाचता येत नव्हते, ती ओळींवरून फक्त बोट फिरवीत होती.

गेल्या पावसाळ्याआधी एका सकाळी पुलाखालची बिऱ्हाडे उठवली गेली. भांडी, गोधड्या, चुलीचे दगड, सगळे गाडीत भरून नेले. काही कुटुंबे आठवड्यात परत आली, काही दुसऱ्या स्थानकाकडे गेली, काहींचा पत्ता लागला नाही. निळ्या फ्रॉकवालीचे कुटुंब त्या शेवटच्यांपैकी. सिस्टरांनी आसपासच्या चार स्थानकांवर चौकशी केली, मी फुलबाजारात पहाटे दोनदा जाऊन आले. कोणी म्हणाले कल्याणकडे गेले, कोणी म्हणाले गावी. तिच्या शाळेतही तेच उत्तर होते.

मोरीवरून आलेली मुले केस विंचरून शेडमध्ये रांगेत बसली की सिस्टर हजेरीचे पुस्तक उघडतात. गेल्या शनिवारीही त्यांनी तिचे नाव घेतले. ती जाऊन आठ महिने झाले आहेत. नाव घेतल्यावर त्या नेहमीसारख्या थांबल्या आणि दाराकडे पाहिले. मुलांना आता याची सवय झाली आहे. त्या वेळी कोणी बोलत नाही. मग सिस्टरांनी रकान्यात बारीकशी फुली केली आणि पुढचे नाव घेतले. मी नंतर मोरीवर बादल्या पालथ्या घालायला गेले तेव्हा तिसऱ्या बादलीत एका मुलाच्या अंघोळीइतके विसणलेले पाणी शिल्लक होते.